पाठ १६ : नोंदवहीपासून फॉर्मपर्यंत

प्रस्तावना

आपण आजवर अनेक अर्ज भरले असतील. शिधापत्रिकेसाठी, बँकेत खाते उघडण्यासाठी, मुक्त विद्यालयात प्रवेश घेण्यासाठी. अर्ज भरताना एखादा रकाना आपल्याला अडवतो, असाही अनुभव आपण घेतला असेल. 'आडनाव' असे छापलेले असते आणि आपल्या घरात कोणी आडनाव लावतच नाही. 'जन्मतारीख' विचारलेली असते आणि आईला आपला जन्म कोणत्या हंगामात झाला एवढेच आठवत असते. अशा वेळी वाटते की, हा अर्ज ज्याने तयार केला त्याच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो.

या पाठात आपण जागा बदलणार आहोत. अर्ज भरणाऱ्याच्या जागेवरून उठून अर्ज तयार करणाऱ्याच्या जागी बसणार आहोत. संगणकावर माहितीच्या नोंदी ठेवण्यासाठी एक साधा फॉर्म कसा तयार करतात, ते एका छोट्या वाचनालयाच्या उदाहरणातून पाहू. हा पाठ भाषेच्या पुस्तकात का, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर पाठ वाचून झाल्यावर आपण स्वतःच देऊ शकाल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :
• सारणी, नोंद, रकाना आणि प्रमुख कळ या संज्ञा सोदाहरण स्पष्ट करू शकाल;
• एखाद्या कामासाठी कोणती माहिती विचारावी आणि कोणती विचारू नये, हे ठरवू शकाल;
• 'लिब्रेऑफिस बेस' वापरून नोंदी भरण्याचा साधा फॉर्म तयार करू शकाल;
• फॉर्मवरील शब्द आणि सूचना नेमक्या मराठीत लिहू शकाल.

१६.१ एका वहीची गोष्ट

समजा, एका वस्तीत समाजमंदिराच्या एका खोलीत छोटेसे वाचनालय चालते. दोन कपाटे, एक टेबल आणि एक लांबट वही. रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळात वस्तीतील कोणी ना कोणी विनामूल्य काम करण्यासाठी येते. वहीत चार रकाने आहेत : तारीख, नाव, पुस्तक, परत.

या वाचनालयात एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या दोन सभासद आहेत. एक शिवणकाम करतात. दुसऱ्या चार घरी स्वयंपाकाला जातात. स्वयंपाक करणाऱ्या बाई पस्तिसाव्या वर्षी लिहावाचायला शिकल्या आणि तेव्हापासून दर आठवड्याला एक पुस्तक नेतात.

एके दिवशी त्या पुस्तक बदलायला येतात. टेबलाशी नवी मुलगी बसलेली असते. ती वही चाळते आणि म्हणते, "मावशी, तुमच्याकडे आधीचं एक पुस्तक राहिलंय. ते आणा, मग नवं देते."

"मी ते पुस्तक नेलंच नाही गं."

"वहीत तुमचंच नाव आहे की!"

मागे रांगेत चार माणसे उभी असतात. बाई हातातले पुस्तक टेबलावर ठेवतात आणि निघून जातात. पुन्हा येत नाहीत. दोन महिन्यांनी ते हरवलेले पुस्तक शिवणकाम करणाऱ्या बाई आणून देतात. वहीत 'परत' या रकान्यात खूण होते. वही दुरुस्त होते. परंतु जी वाचक वाचनालयाला दुरावली, तिची नोंद करण्यासाठी वहीत रकाना नसतो.

येथे खोटे कोणीच बोलले नाही. टेबलाशी बसलेल्या मुलीने वहीवर विश्वास ठेवला, आणि तिने तो ठेवणे स्वाभाविकही होते. चूक वहीच्या रचनेत होती. नोंद ही गैरहजर माणसाच्या वतीने बोलत असते. ती अर्धवट असेल, तर माणूस समोर उभा असतानाही तिचाच शब्द खरा मानला जातो.

आता वहीचे दोष नेमकेपणाने मांडू.

पहिला दोष : नावालाच ओळख मानले. नाव ही हाक मारण्यासाठी असलेली गोष्ट आहे. एकच नाव अनेकांचे असू शकते. शिवाय ते बदलते आणि निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिले जाते. 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' ही वाचणाऱ्याला एकाच आडनावाची दोन रूपे वाटतात; संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

दुसरा दोष : 'तारीख' हा शब्द अपुरा आहे. पुस्तक दिल्याची तारीख, परत करण्याच्या मुदतीची, की परत आल्याची?

तिसरा दोष : पुस्तकाचे फक्त शीर्षक लिहिले. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील, तर कोणती प्रत गेली हे कळत नाही.

चौथा दोष : तीच माहिती पुन्हापुन्हा लिहावी लागते. नाव दहा वेळा लिहिले की दहा वेळा चुकण्याची संधी मिळते.

पाठगत प्रश्न १६.१
१. वहीतील 'तारीख' या रकान्याचे कोणते तीन अर्थ होऊ शकतात?
२. "वही दुरुस्त होते," तरी झालेली हानी का भरून येत नाही?

१६.२ सारणी, नोंद आणि प्रमुख कळ

या दोषांवर उपाय शोधण्याआधी काही संज्ञा समजून घेऊ.

विशिष्ट रचनेत साठवलेल्या माहितीच्या संग्रहाला डेटाबेस म्हणतात. डेटाबेसमधील माहिती सारण्यांमध्ये मांडलेली असते. सारणीतील प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक नोंद, आणि प्रत्येक उभा स्तंभ म्हणजे एक रकाना. सभासदांच्या सारणीत एक ओळ म्हणजे एक सभासद. 'पत्ता' हा त्या ओळीतील एक रकाना.

माहिती अशा सारण्यांत मांडावी आणि एका सारणीचा दुसरीशी संबंध समान मूल्याच्या आधारे जोडावा, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधात मांडली. ते त्या वेळी आयबीएम या कंपनीत संशोधक होते. आज बँका, रेल्वे आरक्षण, रुग्णालये अशा अनेक ठिकाणच्या नोंदींमागे हीच कल्पना उभी आहे.

या रचनेत प्रत्येक नोंदीला स्वतःची अशी एक खूण द्यावी लागते. तिला प्रमुख कळ म्हणतात. तिचे नियम दोन : ती रिकामी असता कामा नये आणि एका सारणीत ती दोन नोंदींना सारखी असता कामा नये. सभासद क्रमांक ही सभासदाची प्रमुख कळ होय. दोन बायकांचे नाव एक असेल, क्रमांक एक असणार नाही.

ग्रंथालयांना ही कल्पना नवी नाही. प्रत्येक नव्या प्रतीवर दाखल क्रमांक लिहिण्याची पद्धत संगणकापूर्वीपासून चालत आली आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. नोंद नेमकी असेल, तर वाचकाचा वेळ वाचतो. आणि आपल्या गोष्टीत पाहिले त्याप्रमाणे, त्याची प्रतिष्ठाही वाचते.

१६.३ आधी प्रश्न, मग पडदा

नवशिके बहुधा संगणक सुरू करून थेट फॉर्म काढायला बसतात. तसे करू नका. आधी कागद घ्या आणि वाचनालयाला कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवी आहेत ते लिहा : हा सभासद कोण? ही प्रत कोणती? ती सध्या कोणाकडे आहे? कधीपर्यंत परत यायची आहे? या प्रश्नांतून तीन सारण्या निघतात.

सारणी पहिली : सभासद
सभासद क्रमांक, संपूर्ण नाव, पत्ता किंवा घराची खूण, फोन.

सारणी दुसरी : पुस्तके
दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक.

सारणी तिसरी : देवघेव
देवघेव क्रमांक, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, दिल्याची तारीख, परतीची मुदत, परत आल्याची तारीख.

तिसऱ्या सारणीत सभासदाचे नाव किंवा पुस्तकाचे शीर्षक नाही, हे लक्षात घ्या. तेथे फक्त त्यांचे क्रमांक आहेत. नाव एकदाच, सभासदांच्या सारणीत लिहिले जाते. ते दुरुस्त करायचे झाले, तर एकाच ठिकाणी दुरुस्त करावे लागते.

आता काही रकान्यांचा विचार करू.

संपूर्ण नाव. मराठी घरांत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम रूढ आहे. म्हणून आपण सहज तीन रकाने आखतो आणि तिन्ही सक्तीचे करतो. परंतु आपण बेंगळुरूला, चेन्नईला किंवा इंदूरला राहत असाल, तर आपल्या वाचनालयात वेगळ्या रीतीने नाव लावणारे शेजारीही येणार. तमिळनाडूत अनेक जण आडनाव लावत नाहीत. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर नावाआधी लिहितात. त्यांनी आडनावाच्या रकान्यात काय भरावे? म्हणून छोट्या वाचनालयासाठी 'संपूर्ण नाव' हा एकच रकाना ठेवणे आणि सभासद सांगेल तसे नाव लिहिणे उत्तम. यात एक गैरसोय आहे : आडनावानुसार यादी लावता येणार नाही. ही गैरसोय पत्करायची की नाही, हे कामाची गरज पाहून ठरवावे.

फोन. हा रकाना ऐच्छिक ठेवावा. प्रत्येकाकडे स्वतःचा फोन असतोच असे नाही. त्याचा प्रकार 'संख्या' न ठेवता 'मजकूर' ठेवावा. कारण फोन क्रमांकाची बेरीज-वजाबाकी आपण करत नाही. दुसरे कारण तांत्रिक आहे. 'इंटिजर' या संख्याप्रकारात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचीच संख्या मावते. भारतातील दहा अंकी मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या अंकांनी सुरू होतात. म्हणजे ते या मर्यादेबाहेरच पडतात.

वय. हा रकाना आपण ठेवलेला नाही. यंदा लिहिलेले वय पुढच्या वर्षी चुकीचे ठरते. बालविभागासाठी गरज असेलच, तर जन्मवर्ष विचारावे.

परत आल्याची तारीख. पुस्तक देताना हा रकाना रिकामाच असणार. येथे रिकामेपणालाच अर्थ आहे : पुस्तक अजून परत आलेले नाही. म्हणून हा रकाना सक्तीचा करू नये आणि त्यात शून्य किंवा आडवी रेघही भरू नये.

पाठगत प्रश्न १६.२
१. देवघेव सारणीत सभासदाचे नाव का लिहिलेले नाही?
२. योग्य पर्याय निवडा. फोन क्रमांकासाठी योग्य प्रकार :
(अ) इंटिजर (आ) मजकूर (इ) तारीख

१६.४ फॉर्म तयार करू या

लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामांसाठीचा विनामूल्य प्रणालीसंच आहे. ओपनऑफिस या प्रकल्पातून तो २०१० मध्ये वेगळा झाला. त्यातील 'बेस' हा विभाग डेटाबेससाठी आहे. तो विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालतो. पुढील कृतीसाठी संगणकावर जावा रनटाइमही असावे लागते.

पायरी १ : डेटाबेस निर्माण करणे
बेस उघडा. 'क्रिएट अ न्यू डेटाबेस' हा पर्याय निवडा आणि त्याखालील यादीत 'एचएसक्यूएलडीबी एम्बेडेड' असल्याची खात्री करा. पुढे जाऊन 'फिनिश' दाबा आणि फाइलला 'वाचनालय' असे नाव द्या. पडद्यावर डाव्या बाजूला टेबल्स, क्वेरीज, फॉर्म्स आणि रिपोर्ट्स असे चार विभाग दिसतील.

पायरी २ : सारण्या आखणे
'टेबल्स' विभागात 'क्रिएट टेबल इन डिझाइन व्ह्यू' निवडा. पहिल्या स्तंभात रकान्याचे नाव व दुसऱ्यात त्याचा प्रकार भरा. 'सभासद क्रमांक' याचा प्रकार इंटिजर ठेवा आणि खालच्या भागात 'ऑटोव्हॅल्यू' या ठिकाणी 'येस' निवडा; म्हणजे क्रमांक संगणक स्वतः देईल. त्या ओळीच्या डाव्या टोकाशी माउसची उजवी कळ दाबून 'प्रायमरी की' निवडा. तेथे किल्लीचे चित्र उमटेल. 'संपूर्ण नाव' याच्यासाठी 'एन्ट्री रिक्वायर्ड' या ठिकाणी 'येस' निवडा. सारणी 'सभासद' या नावाने जतन करा.

याच रीतीने उरलेल्या दोन सारण्या तयार करा. दाखल क्रमांकाला 'ऑटोव्हॅल्यू' नको. तो पुस्तकावर आधीच लिहिलेला आहे, तोच भरायचा. मात्र 'पुस्तके' या सारणीची प्रमुख कळ तोच असेल. 'देवघेव' सारणीत 'देवघेव क्रमांक' ऑटोव्हॅल्यू असलेली प्रमुख कळ ठेवा. तेथील सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक साधे इंटिजर ठेवा. ते दोन्ही आणि 'दिल्याची तारीख' सक्तीचे करा. आपोआप येणारे क्रमांक ० पासून सुरू झालेले दिसले, तर गोंधळू नका. शून्य हाही क्रमांकच आहे.

पायरी ३ : संबंध जोडणे
'टूल्स' मेनूतून 'रिलेशनशिप्स' उघडा आणि तिन्ही सारण्या तेथे आणा. 'सभासद' सारणीतील सभासद क्रमांक माउसने ओढून 'देवघेव' सारणीतील सभासद क्रमांकावर सोडा. दोहोंमध्ये रेघ उमटेल. 'पुस्तके' सारणीतील दाखल क्रमांकही असाच जोडा आणि ही मांडणी जतन करा.

ही रेघ केवळ चित्र नाही, तो नियम आहे. 'पुस्तके' सारणीत नसलेला दाखल क्रमांक देवघेवीत भरला, तर संगणक तो स्वीकारणार नाही. ज्या सभासदाच्या नावे देवघेव नोंदलेली आहे, तिची नोंद पुसू पाहिली, तर तेही नाकारील. मात्र संबंध जोडताना 'डिलीट ऑप्शन्स' मध्ये 'नो अ‍ॅक्शन' हाच पर्याय असू द्या. तेथे 'डिलीट कॅस्केड' निवडले, तर सभासदाबरोबर तिच्या देवघेवीचा सारा इतिहासही पुसला जातो.

पायरी ४ : फॉर्म मांडणे
'फॉर्म्स' विभागात 'यूज विझार्ड टू क्रिएट फॉर्म' निवडा. 'सभासद' सारणी निवडून तिचे सर्व रकाने उजवीकडे घ्या. पुढच्या टप्प्यावर 'अ‍ॅड सबफॉर्म' येथे खूण करा, आधीच्या संबंधावर आधारित असा पर्याय घ्या आणि 'देवघेव' निवडा. तिचे रकाने घेताना सभासद क्रमांक वगळा. त्यानंतर मांडणी आणि रंग निवडा, फॉर्मला 'सभासद व देवघेव' असे नाव द्या आणि 'फिनिश' दाबा.

आता पडद्यावर वरच्या भागात एक सभासद आणि खालच्या भागात फक्त त्याच सभासदाने नेलेली पुस्तके दिसतील. खालच्या भागात नवी ओळ भरली की तिला वरच्या सभासदाचा क्रमांक आपोआप जोडला जातो. नाव पुन्हा लिहायचे नाही, क्रमांकही लिहायचा नाही. वहीत जी गल्लत झाली, तिची एक वाट येथे बंद झाली.

पायरी ५ : नोंदींमध्ये फिरणे
फॉर्मच्या तळाशी बाणांची पट्टी असते. तिच्या साहाय्याने पहिली, मागची, पुढची आणि शेवटची नोंद पाहता येते. नवी नोंद सुरू करता येते, जतन करता येते, पुसता येते. भिंगाचे चित्र शोधासाठी आहे. नाव शोधताना पूर्ण नाव न लिहिता त्याचा एखादा भाग लिहावा आणि तो रकान्यात कोठेही आढळला तरी चालेल, असा पर्याय निवडावा.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. नोंद जतन करणे आणि फाइल जतन करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नोंद भरून झाल्यावर बेसच्या मुख्य खिडकीत जाऊन फाइलही जतन करा. एरवी मध्येच वीज गेली, तर त्या दिवसाचे काम नाहीसे होऊ शकते. दर आठवड्याला फाइलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

पाठगत प्रश्न १६.३
१. चूक की बरोबर ते सांगा : सारण्यांमधील रेघ केवळ समजण्यासाठी काढलेली असते.
२. उपफॉर्ममध्ये सभासद क्रमांक का वगळला?

१६.५ फॉर्मची भाषा

फॉर्म तयार झाला. पण तो अजून नीट बोलत नाही. त्याला बोलते करण्याचे काम भाषेचे आहे. फॉर्मवरील प्रत्येक शब्द हा वस्तुतः एक प्रश्न असतो. 'फोन' म्हणजे 'आपला फोन क्रमांक काय?' प्रश्न संदिग्ध असला, तर उत्तर खरे असूनही नोंद खोटी ठरते.

पुढील तक्ता अभ्यासा.

मोघम शब्द — नेमका शब्द
तारीख — पुस्तक दिल्याची तारीख
क्रमांक — सभासद क्रमांक (ओळखपत्रावरील)
पुस्तक — दाखल क्रमांक (पुस्तकाच्या आतील पानावरील)
पत्ता — पत्ता किंवा घराची ओळखीची खूण
परत — परत आल्याची तारीख (आली नसल्यास रिकामे ठेवावे)

सूचना लिहिताना दोन रूपे वापरता येतात. 'लिहा' हे आज्ञार्थी रूप आहे. 'लिहावे' हे विध्यर्थी रूप आहे. दोन्ही शुद्ध आहेत. परंतु एका फॉर्मवर दोन्हींची सरमिसळ करू नये. चूक दाखवतानाही भाषा सांभाळावी. 'चुकीची माहिती!' असे म्हटल्याने भरणारा घाबरतो आणि काय करावे हे त्याला कळत नाही. 'हा दाखल क्रमांक सापडला नाही. पुस्तकावरील क्रमांक पुन्हा पाहावा' असे म्हटल्याने मार्ग दिसतो. बेसमधील मूळ सूचना इंग्रजीत येत असतील, तर त्यांचे मराठी अर्थ कागदावर लिहून टेबलाशी लावून ठेवावेत.

अंकांबाबतही एकवाक्यता हवी. मजकुराच्या रकान्यात देवनागरी अंक आणि आंतरराष्ट्रीय अंक हे संगणकाच्या दृष्टीने वेगळी चिन्हे आहेत. एकाने फोन क्रमांक देवनागरीत भरला आणि दुसऱ्याने आंतरराष्ट्रीय अंकांत शोधला, तर तो सापडेलच असे नाही. कोणते अंक वापरायचे ते आधी ठरवावे.

१६.६ फॉर्मची परीक्षा

फॉर्म लोकांसाठी वापरण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. पुढील कृती मुद्दाम करून पाहा :
१. एकाच नावाचे दोन सभासद नोंदवा आणि एकाला पुस्तक द्या. दुसऱ्याच्या नावे ते दिसत नाही ना?
२. नाव न लिहिता नोंद जतन करण्याचा प्रयत्न करा.
३. अस्तित्वात नसलेला दाखल क्रमांक भरा.
४. जिच्याकडे पुस्तक आहे अशा सभासदाची नोंद पुसून पाहा.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कृतीला संगणकाने नकार दिला पाहिजे. तो दिला नाही, तर पायरी २ आणि ३ पुन्हा तपासा.

आता पाचवी कृती. परत न आलेली एक प्रत दुसऱ्या सभासदाला देऊन पाहा. आपला साधा फॉर्म ही नोंद बिनतक्रार स्वीकारील! प्रत एकच आहे, ती दोघींकडे असू शकत नाही, हे त्याला आपण शिकवलेलेच नाही. तसेच, टेबलाशी बसलेल्या व्यक्तीने नाव पाहून भलत्याच सभासदाची नोंद उघडली, तर तेही फॉर्मला कळणार नाही. म्हणून दोन रिवाज पाळावेत : पुस्तक देण्यापूर्वी ओळखपत्रावरील क्रमांक पाहावा आणि नाव व पत्ता सभासदाला वाचून दाखवावा. सभासद 'नाही' म्हणाला, तर प्रथम नोंद तपासावी, मग माणसाला विचारावे.

फॉर्म चुका कमी करतो. विचार करण्याचे काम आपल्याकडेच राहते.

१६.७ मागितलेली माहिती ही ठेव असते

रकाना वाढवणे सोपे असते. 'जात', 'उत्पन्न', 'आधार क्रमांक' हे शब्द टंकण्यास क्षणभर पुरतो. परंतु पुस्तक देण्यासाठी यांतील कशाचीही गरज नाही. गरज नसलेली माहिती मागू नये, हा चांगल्या फॉर्मचा पहिला नियम होय. मागितलेली माहिती ही दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव असते. ती कशासाठी घेतली हे सांगावे, त्याच कामासाठी वापरावी आणि काम संपल्यावर काढून टाकावी. भारताच्या संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमामागेही हेच तत्त्व आहे. वाचनालयाचा संगणक कोण उघडू शकतो, फाइलची प्रत कोणाकडे असते, हे ठरवून ठेवावे. कोण कोणते पुस्तक वाचतो, ही तर प्रत्येकाची खासगी बाब आहे.

आपण काय शिकलात?

• नोंद ही गैरहजर माणसाच्या वतीने बोलते. म्हणून ती नेमकी असावी लागते.
• नाव ही ओळख अपुरी असते. प्रत्येक नोंदीला प्रमुख कळ हवी.
• माहिती एकाच ठिकाणी लिहावी आणि सारण्या क्रमांकांनी जोडाव्यात.
• फॉर्म आखण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारायचे ते कागदावर ठरवावे.
• फॉर्मवरील शब्द म्हणजे प्रश्न होत. ते असंदिग्ध आणि सौजन्यपूर्ण असावेत.
• गरजेपुरतीच माहिती मागावी आणि ती जपावी.

पाठान्त प्रश्न

१. गोष्टीतील वहीचे चार दोष आपल्या शब्दांत लिहा आणि प्रत्येकावर या पाठात कोणता उपाय सुचवला आहे ते सांगा.
२. 'परत आल्याची तारीख' हा रकाना रिकामा ठेवण्याला कोणता अर्थ आहे?
३. पुढील रकाने नेमक्या शब्दांत पुन्हा लिहा : (अ) रक्कम (आ) वेळ (इ) पालक. (बचत गटाच्या किंवा बालवाडीच्या नोंदवहीची कल्पना करावी.)
४. पुढील सूचना विध्यर्थी रूपात लिहा : 'ओळखपत्र दाखवा, पुस्तक तपासा आणि सही करा.'
५. 'फॉर्म तयार करणे हे भाषेचे काम आहे.' या विधानाविषयी आपले मत दहा-बारा ओळींत लिहा.

उपक्रम

आपल्या परिसरातील बचत गट, दूध संकलन केंद्र, भिशी किंवा मंडळ यांची एखादी नोंदवही परवानगी घेऊन पाहा. त्यातील माणसांची नावे उतरवून घेऊ नका. फक्त रकान्यांची शीर्षके लिहून घ्या. कोणत्या शीर्षकामुळे कोणावर अन्याय होऊ शकेल, याचा विचार करा. तीच नोंदवही फॉर्ममध्ये आणायची झाल्यास किती सारण्या लागतील, ते कागदावर आखा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१६.१ : १. दिल्याची तारीख, परतीच्या मुदतीची तारीख, परत आल्याची तारीख. २. कारण चुकीच्या नोंदीमुळे अपमान होऊन एक वाचक दुरावली. वहीत खूण केल्याने ती परत येत नाही.

१६.२ : १. नाव 'सभासद' सारणीत एकदाच लिहिलेले असते. क्रमांकाच्या आधारे ते मिळते. त्यामुळे पुनरावृत्ती आणि चुका टळतात. २. (आ) मजकूर.

१६.३ : १. चूक. ती रेघ नियम म्हणून काम करते. २. तो वरच्या सभासदाच्या नोंदीवरून आपोआप भरला जातो. हाताने लिहिल्यास चूक होण्याचा संभव असतो.